नमुन्याची पुंगळी

…आणि तार पुन्हा वर आली, कुठेही न अडता. टोकाशी जरा वाकवलेली, कागदाच्या क्लिपची साधी तार. काडतुसाच्या रिकाम्या पितळी पुंगळीत बुडापर्यंत सोडायची, आतल्या भिंतीला टेकवून हळू वर ओढायची. पुन्हापुन्हा दारू भरून उडवलेल्या पुंगळीत बुडाच्या जरा वर चर पडतो, तिथे तार अडखळते. अडखळली की बाद. नाहीतर एखाद्या दिवशी ती रायफलीत तिथेच फाटते, आणि धग सरळ नेम धरणाऱ्याच्या डोळ्याकडे येते.

ही अडखळली नव्हती. फक्त… सिवर्टने उचलली होती ती तपासायच्या रांगेतली नव्हेच. खिडकीत ठेवलेली, नमुन्याची. बाहेरूनसुद्धा बारीक चकचकीत कडं दिसणारी, एकोणीस वर्षं जपलेली वाईट पुंगळी. टोळीत येणाऱ्या प्रत्येक नव्या शिकाऱ्याला त्याने हिच्यावरच शिकवलं होतं. आपल्या मुलीला, इंगविलला, तर अकराव्या वर्षी.

त्याने डाव्या हाताने पाहिलं. मग डोळे मिटून. तार गुळगुळीत.

पुंगळी किती वेळा भरावी, हे प्रत्येकजण विचारतो. तो डब्याच्या झाकणावर प्रत्येक खेपेला पेन्सिलीची एक रेघ ओढतो, पण उत्तर देताना ऐटीत सांगतो — रेघा आठ म्हणू देत नाहीतर बारा, बोट काय म्हणतं ते ऐक. गेल्या दोन हंगामांत त्याने टोळीतल्या कुणाचीच एकही पुंगळी बाद केली नव्हती. लोक आता दारू बेताने भरायला शिकले, असं तो म्हणाला होता. आणि शिकवलं कुणी, हे दुसऱ्या कुणीतरी म्हणेपर्यंत थांबला होता. मी थांबलो होतो… हो, थांबलो होतो, त्याने स्वतःशी कबूल केलं.

"बाबा, झाल्या का माझ्या?" इंगविल जिन्यावरूनच ओरडत तळघरात आली. "उद्या सहाला निघायचंय. हर्मुनकाका तर आत्तापासून बूट घालून बसलेत."

"त्याला उरक आहे. माझ्याकडून तपासून कालच भरून नेल्या, चाळीस."

"आणि तपासायचे किती वॅफल वसूल केलेत?"

"तीन. जॅम वेगळा."

ती हसली. तो हसला नाही. चांगल्या ठरवलेल्या वीस पुंगळ्यांची रांग त्याने तिच्यापुढे सरकवली. "ह्या जरा तू बघ."

"मी? का?"

"हात गार पडलेत."

तिने धडधडत्या शेगडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि स्टूल ओढलं. चौथ्या पुंगळीशी तिचा हात थांबला. "ही गेली." अकरावीशी पुन्हा. "अहो, ही तर केवढी लागतेय! ही तुम्ही पाहिलीच नसणार."

सुटकेचं दार तिने किती सहज उघडून दिलं होतं. नुसतं हं म्हटलं असतं तरी बाहेर पडता आलं असतं.

"पाहिली होती," तो म्हणाला.

तिने तार खाली ठेवली. "मग हर्मुनकाकांच्या?"

"त्याला फोन करतो."

फोन वर स्वयंपाकघरात. तो जिना चढू लागला. हर्मुनला काय सांगायचं, हे आश्चर्य म्हणजे त्याला जड वाटत नव्हतं. तो हसेल, शिव्या देईल, डबा परत आणील. वेगळंच काहीतरी पायरीपायरीला मागे जात होतं — तार शेवटची अडखळली ती कधी? गेल्या वर्षी नाही. त्याच्या आदल्या वर्षी नाही. त्याच्याही आधीच्या वर्षी एक बाद केली होती, हर्मुनचीच, सगळ्यांदेखत… पण ती बोटाने पकडली होती, की बाहेरचं कडं डोळ्यांना दिसलं होतं म्हणून?

खाली इंगविल उरलेल्या पुंगळ्या तपासत होती. त्याने आधाराला लोखंडी कठडा धरला. सप्टेंबर संपत आलेला… कठडा गार असणार, असं त्याला वाटलं; बोटं काहीच म्हणत नव्हती.