मार खाणारं लाकूड

"मिस्त्री, फळ्या बघताय की वांगी निवडताय?" वखारवाल्याने बसल्या जागेवरून विचारलं.

मिस्त्रींनी अंगठ्याचं नख फळीच्या कडेत रुतवून अंमळ तसंच धरलं. उचललं तेव्हा लाकडात बारीकशी कोर उमटली होती. ती फळी त्यांनी भिंतीला टेकवली आणि थप्पीतली पुढची ओढली. दिसायला ती पहिलीची जुळी बहीण, पण हिच्यावरून नख नुसतं घसरलं. हातावर तोलली तर वजनालाही भारी.

"ही मेपल लाकडातली कडक जात आहे, मऊ नाही. तुमच्या माणसाने दोन्ही एकाच थप्पीत घातल्यात."

"मग न्या की! मऊच्या थप्पीत सापडली ती मऊच्याच भावात. आपली ओळख का आजची आहे?"

"मला मऊच पाहिजे."

"लोक टणक लाकडासाठी जीव टाकतात, तुमचं आपलं उलटंच." असं म्हणत वखारवाला आत गेला आणि एक लांब फळी घेऊन आला. "ही बघा. मऊच आहे, पण अंगावर लाटा कशा उठल्यात. पॉलिश केलंत तर नजर ठरायची नाही."

मिस्त्रींनी लाटांवरून तळवा फिरवला. अशी फळी सुताराला वर्षातून एखादी दिसते. त्यांचा हात क्षणभर तिथेच रेंगाळला.

"नको. रेषा अशी उलटसुलट असली की रंध्याला कितीही धार लावा, कुठेतरी तंतू उपटतोच. मग कुसळ. दिसायला गोड, हाताला द्वाड. आणि तिला बोचलं तर सांगता यायचं नाही."

'तिला' म्हणजे कुणाला, हे वखारवाल्याला विचारावं लागलं नाही. तिच्या खुर्च्यांचं लाकूड याच वखारीतून गेलं होतं.

"कशी आहे बाळी?"

"आहे." मिस्त्री एक डोळा मिटून फळीच्या कडेने बघत होते, फळी कुठे वळली आहे का, वाकली आहे का. "ही खुर्ची तिकडे न्यायचीय. संस्थेत ठेवतोय तिला."

लाटांची फळी उचलून वखारवाला ती आत ठेवून आला.

मिस्त्रींची लेक बाळी चौतीस वर्षांची होती. जन्मताना तिच्या मेंदूला हवा कमी पडली, असं डॉक्टर म्हणाले होते. ती चालली नाही, बोलली नाही. शेजारच्या पोरी मोठ्या झाल्या, आया झाल्या, पण ही सगळ्यांची बाळीच राहिली. तिला बसतं करायला कमरेशी, मानेशी, गुडघ्यांशी आधार लागायचा, आणि तशी खुर्ची विकत मिळत नव्हती. मिस्त्री तेव्हा तरुण होते आणि त्यांना हाताच्या कसबाचा माज होता. त्यांनी पहिली खुर्ची कडक मेपलची केली. शंभर वर्षं हलणार नाही अशी. बाळीला आनंद झाला की ती उजवा हात खुर्चीच्या हातावर आपटायची. रडू आलं तरी आपटायची. महिन्याभरात तिचं मनगट काळंनिळं झालं. बायकोने ते मनगट मिस्त्रींच्या डोळ्यांपुढे धरलं.

"तुम्हाला खुर्ची टिकवायचीय की लेकीचा हात?"

मिस्त्रींनी ती खुर्ची मोडली. तेव्हापासून मऊ मेपल. याहून मऊ लाकूड घेतलं तर सांधे महिन्यात खुळखुळतात. हे सांधा धरतं, आणि तरी हात आपटला तर जरासं आत जातं. चार-पाच वर्षांत खुर्चीच्या हाताला खड्डा पडायचा, मग मिस्त्री दुसरी करायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मार लाकडाने खावा. तिने का खायचा?"

दोन वर्षांपूर्वी बायको गेली. न्हाऊ घालणं, भरवणं, उचलणं सगळं मिस्त्रींवर आलं. वय अडुसष्ट. तेही त्यांनी निभावलं असतं. पण एका सकाळी न्हाणीघरातून तिला उचलून आणताना त्यांच्या कमरेत कळ आली आणि दोघंही ओल्या फरशीवर पडले. मिस्त्रींना उठता येईना. बाळीला थंडी वाजत होती. हात लांब करून त्यांनी पंचा ओढला आणि तिच्या अंगावर टाकला, तेवढंच जमलं. शेजारच्या काकू दुपारी आपला डबा परत न्यायला आल्या तेव्हा दोघं तिथेच होते. मिस्त्री एका सुरात सांगत होते, "झालं हं, बाळी. आता उठू हं." त्यांचा आवाज बसला होता.

"आज मी आले," काकू नंतर म्हणाल्या. "उद्या गावाला गेले असते तर?"

मिस्त्रींनी अशा मुलांना सांभाळणाऱ्या संस्थेचा अर्ज भरला.

फळ्या घरी आणून त्यांनी पंधरा दिवस बाळीच्याच खोलीत भिंतीला उभ्या ठेवल्या. लाकडाला घरच्या हवेची सवय झाल्याशिवाय त्याला हत्यार लावायचं नाही, हा त्यांचा नियम. घाईने कापलं की ते मागाहून वाकतं आणि आयुष्यभर रुसतं. बाळी पलंगावरून फळ्यांकडे बघायची. मिस्त्रींना मध्येच वाटायचं, हिला कळलंय. मध्येच वाटायचं, काही कळत नाही, तेच बरं.

मग कामाला लागले. धार बोथट असली की मऊ मेपल कापत नाही, पिंजारतं; म्हणून दर अर्ध्या तासाने ते रंध्याचं पातं दगडावर घासायचे. बाळीला शेजारी उशांच्या आधाराने बसवलेलं असायचं. लांब, पातळ सालपटं निघाली की ते तिच्या मांडीवर टाकायचे. ती मुठीत चुरगाळायची आणि हूं हूं करायची. कोपरे त्यांनी इतके गोल केले की खुर्चीला कोपरा म्हणून उरला नाही. वर नुसतं मेण आणि तेल, कारण बाळी कधी कधी खुर्चीच्या हाताला तोंड लावायची.

मिस्त्री बाळीला आणि खुर्चीला घेऊन संस्थेत पोचले तेव्हा तिथल्या मोठ्या बाईंनी खुर्ची भोवतीने फिरून पाहिली. बाई कडक नव्हत्या, थकलेल्या होत्या.

"काम सुंदर आहे हो. पण ही आम्हाला ठेवता येणार नाही. इथे सगळं रोज औषधाच्या पाण्याने पुसतात. उघडं लाकूड पाणी पितं, मग त्यात काय काय साठतं. आमच्याकडे स्टीलच्या आहेत."

"स्टील तिला लागेल, बाई. ती हात आपटते."

"पट्टा बांधतो आम्ही हाताला."

मिस्त्रींनी इतका वेळ हातात धरलेली टोपी घडी घालून खिशात ठेवली. "पुसता येईल अशी करून आणली तर?"

बाईंनी थोडा विचार केला. "तर बघू."

बाळीला स्टीलच्या खुर्चीत बसवलं. मावशी, म्हणजे तिथली सेविका, पट्टा बांधायला लागली तशी बाळीने मान वळवून मिस्त्रींकडे पाहिलं. ते म्हणाले, "येतो हं." आपली लाकडी खुर्ची उचलून ते बाहेर पडले. जिन्यात थांबले. मग उतरले.

उघड्या मऊ मेपलवर चकचकीत रोगण चढवणं त्यांना कधी आवडलं नव्हतं. हाताला लाकूड लागत नाही, काच लागते. पण त्यांनी आधी टर्पेंटाइनमध्ये कापूस भिजवून तेल-मेण पुसून काढलं, कानाकोपऱ्यात शिरलेलं खरवडलं, आणि रोगणाचे चार हात दिले. दोन हातांच्या मध्ये एक दिवस वाळू दिलं आणि बारीक काचकागदाने घासलं. बोटाला अडेल असं काही उरलं नाही. वास जाईपर्यंत खिडकीत ठेवली. आठ दिवस मोडले. त्या आठ दिवसांत घरात कुणाला भरवायचं नव्हतं. मिस्त्री दोनदाच नीट जेवले असतील.

बाईंनी ओल्या फडक्याने खुर्ची पुसून पाहिली, नख मारून पाहिलं आणि मान डोलावली. बाळीला तीत बसवलं. मनगटावर पट्ट्याचा लाल वळ होता. तिने हात उचलून खुर्चीच्या हातावर आपटला. एकदा. मग थांबली.

पहिला महिना भेटायला येऊ नका, तिला रुळू द्या, असा तिथला नियम. मिस्त्रींनी तो पाळला. महिन्याने गेले तेव्हा जेवणाची वेळ होती. खिडकीजवळ ओळीने खुर्च्या लावलेल्या. बाळी आपल्या खुर्चीत होती. स्वच्छ होती, केस विंचरलेले होते. तिने त्यांना ओळखलं आणि हूं केलं.

खुर्ची तिच्या मापाने, अंगासरशी केलेली. मिस्त्रींनी तिची कंबर आणि खुर्चीची बाजू यांच्यामध्ये हात घातला. अख्खा तळवा आत गेला.

"जेवते का ही?"

"जेवतात की," मावशी म्हणाली.

"किती?"

मावशीने हातातली वाटी खाली ठेवली. "काका, खोटं कशाला बोलू? चोवीस जण आहेत आणि भरवायला आम्ही दोघी. तोंड मिटलं की पुढच्याकडे जायचं. यांना एक घास गिळायला किती वेळ लागतो, तुम्हाला माहीतच आहे."

मिस्त्रींना माहीत होतं. त्यांनी स्टूल ओढलं, वाटी घेतली आणि बाळीला भरवायला बसले. घास तोंडात दिला की गळ्यापाशी दोन बोटं टेकवायची, वरून खाली अलगद फिरवायची, आणि वाट बघायची. तिची आई तसंच करायची. भरलेली वाटी संपायला सव्वा तास लागला. मावशीने न सांगता दुसरी आणून ठेवली. तीतली अर्धी झाल्यावर बाळीने तोंड फिरवलं. पोट भरलं होतं.

तिच्या शेजारच्या खुर्चीत केस कापलेली एक म्हातारी बाई होती. मिस्त्रींच्या हातातल्या चमच्याकडे बघत ती केव्हाची तोंड उघडून बसली होती.

"त्यांचं झालंय काका जेवण," मावशी लांबून म्हणाली.

"असू दे."

त्यांनी स्टूल तिच्याकडे वळवलं, मावशीकडून धुतलेला चमचा मागून घेतला, तो भरून त्याचं बूड वाटीच्या कडेला निपटलं, आणि पहिला घास तिच्या तोंडापाशी नेऊन धरला.