खोडलेली स्थळं

बंगळूरच्या मराठी मंडळाच्या वधूवर केंद्रातला संगणक एक स्थळ शोधायला पाच-पाच मिनिटं घेऊ लागला, म्हणून केंद्र चालवणाऱ्या बनशंकरीच्या गोदूबाईंनी मला बोलावलं. चार वर्षं मी मंडळाची पायरी चढलो नव्हतो. रुसलो होतो, दुसरं काय!

दुखणं साधं होतं. नावं ज्यात साठवतात त्या फॉक्सप्रो प्रोग्रॅममध्ये नाव खोडलं तरी ते जात नाही. त्यावर नुसती खूण होते, ते दिसेनासं होतं, पण जागा अडवून बसतंच. अधूनमधून 'पॅक' अशी आज्ञा दिली, की खोडलेली कायमची जातात आणि उरलेली सरकून बसतात. इथे १९९२पासून कुणी ती दिलीच नव्हती.

पुसण्याआधी खोडलेली नावं उघडली, तर त्यात मीच! 'सुहास, पुणे, इंजिनियर. उभयपक्षी पसंत.' चार वर्षांत एकही स्थळ का आलं नाही ते आता कळलं. खाली, त्याच तारखेला खोडलेली, मेघाश्री.

तिला पाहायला मी गेलो होतो. बंगळूरला येऊन मला महिनाच झाला होता तेव्हा. ती पाहताक्षणी आवडली होती. तिचे वडील विठ्ठलराव आत जाऊन तिला विचारून आले आणि म्हणाले, "आयितु." माझं कन्नड कँटीनपुरतं. तिथे रोज विचारायचे, "ऊटा आयिता?" जेवण संपलं का? आयितु, संपलं. मी नमस्कार करून निघालो.

"गोदूबाई, आयितु म्हणजे संपलं ना?"

"संपलं कसलं? झालं, ठरलं! आम्ही इथले मराठी लोकसुद्धा होकाराला तेच म्हणतो की. आणि काय हो, लग्नाला बोलावलंसुद्धा नाहीत?"

"लग्न झालंच नाही."

त्यांनी विठ्ठलरावांच्या दुकानात फोन लावला. मी वेड्यासारखा आशेने त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"हो अण्णा... अस्सं... सरी, सरी, बरं." फोन ठेवून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "वर्षभर वाट पाहिली म्हणे तुमची. मग हुबळीला दिली. दीड वर्षाची मुलगी आहे."

मला ती हवी होती. तेव्हाही, आत्ताही. एक शब्द विचारून घेतला असता तर माझं काय जात होतं?

"तुमच्या नावावरची खूण तेवढी काढा," गोदूबाई म्हणाल्या.

मी काढली नाही. पॅकची आज्ञा दिली. आकडे सरसर पुढे गेले आणि थांबले.

"हे आता दर महिन्याला करायचं," मी म्हणालो.

"बरं. झालं का?"

"आयितु."