गोधडी भिंतीवर नको

पोरीकडून फोटो आला आणि थोरलीचं डोकं फिरलं. कुठल्याशा मैत्रिणीच्या घरची बैठकीची खोली होती. तिथे भिंतीवर, चौकटीत, काचेआड एक गोधडी टांगलेली. खाली पोरीने लिहिलं होतं, 'मोठी आई, तुझी गोधडी अशी लावली तर काय शोभेल.'

"शोभेल," थोरली म्हणाली. "मेलेल्या माणसाचा फोटो शोभतो तशी."

पोरगी तिच्या धाकट्या जावेची, पण वाढवली दोघींनी मिळून. धाकटी इस्पितळाच्या धुलाईघरात पाळ्या करायची, तेव्हा पोरगी थोरलीच्या शिलाईच्या दुकानात मशीनखाली कपट्यांत लोळायची. आता ती लांबच्या थंड गावात वसतिगृहात राहून शिकत होती. तिच्यासाठीच थोरलीने सबंध उन्हाळा मान मोडून गोधडी शिवली होती. वर पोरीचे फ्रॉक, तिचा शाळेचा गणवेश, दुकानाचा उतरवलेला पडदा. आत धुऊन धुऊन मऊ पडलेल्या चादरी.

बाईने डोळे फोडून टाके घालायचे आणि लोकांनी ते खिळ्याला अडकवून 'वा, काय कला' म्हणायचं. पांघरणाऱ्याला कुणी विचारत नाही, बघणाऱ्याचं मात्र नाव होतं. थोरलीला असल्या कौतुकाची शिसारी होती. गोधडी अंगावर घ्यायची असते. तिच्यात घोरायचं असतं, लाळ गाळायची असते, आजारपणात कण्हायचं असतं. ज्याला भिंत सजवायची त्याने कॅलेंडर आणावं.

"मग तसं सांगा ना तिला," धाकटी म्हणाली.

"सांगून अंगावर घेतली तर काय घेतली? तिला आतून वाटलं पाहिजे."

"तुमचं म्हणजे ना, ताई, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं."

पार्सल बांधायला दोघी दुकानाच्या फरशीवर बसल्या. धाकटीचं म्हणणं, खोक्यात कोंबू आणि चिकटपट्टी मारू. थोरली म्हणाली, खोकी जोड्यांना असतात. तिने मांजरपाटाचं पांढरं कापड काढलं, घडी केलेली गोधडी त्यात गुंडाळली, आणि धाकटीने जाड काळ्या पेनाने वर पोरीचं नाव नि पत्ता लिहिला. अक्षरं एवढी मोठी की आंधळ्यानेही वाचावीत. मग थोरलीने कडा शिवायला घेतल्या.

"पोरगी टापटिपीत अगदी माझ्यावर गेलीय," धाकटी म्हणाली.

"तुझ्यावर? तुझ्या घरात मोजा शोधायचा तर पंचनामा करावा लागतो."

"आणि तिखट जीभ कुणाची उचललीय ते मी बोलत नाही."

"बोल की. आजवर कधी गप्प बसलीस?"

अशी दोघींची जुंपली. तोंड चालू, हात चालू. कडा कधीच संपल्या होत्या, पण तीस वर्षं गोधड्या शिवलेल्या हाताला हे कोण सांगणार? गोधडी कडेने सुरू होते आणि फेऱ्या घेत घेत मध्यावर येते, एवढंच त्याला ठाऊक. थोरलीचा हात कडेवरून आत वळला, पत्त्याच्या ओळींमधून, नावाला वळसा घालून, खालच्या गोधडीचाही पदर उचलत, मध्यापर्यंत गेला. शेवटी तिने गाठ मारली, दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "बघ, कसं चापून बसलंय. आत हलायचं नाव नाही."

खरंच हलणार नव्हतं.

टपाल कचेरीत काउंटरवरच्या माणसाने चष्मा कपाळावर सरकवला. "मावशी, बंद पार्सल घेता येत नाही. आत काय आहे ते दाखवायचं, मग बंद करायचं."

थोरलीने नाक मुरडलं, पण एका कडेचे टाके उसवले आणि गोधडी ओढली. गोधडी आली. तिच्यामागून पांढरं कापडही आलं. तिने कापड एका हातात धरलं, गोधडी दुसऱ्या हातात, आणि झटका दिला. दोन्ही तिच्याकडेच आले.

काउंटरवाल्याने बराच वेळ बघितलं. "मावशी, यातलं आत काय आणि बाहेर काय?"

मागची रांग खदखदून हसली. एक म्हातारा म्हणाला, "आता तिकीट कुठे लावणार, पोटाला का पाठीला?" धाकटीने तर पदराआड हसण्याचंही सोंग केलं नाही, काउंटरला धरून हसली.

थोरलीचे कान तापले. आयुष्यभर लोकांच्या चुकलेल्या बाह्या उसवून दिल्या, आणि आज भर कचेरीत स्वतःचं हे. धाकटीने पर्समधून कात्री काढली तशी ती खेकसली, "टाक्याला हात लावशील तर याद राख. एका दमात ओढलंस तर वरचे फ्रॉक टरकतील."

"मग काय हे असंच पाठवायचं? पोरीच्या छातीवर पत्ता?"

"असं कसं पाठवू? हसतील तिला."

"तिलाच विचारू," म्हणत धाकटीने फोन लावला. थोरली नको नको म्हणेपर्यंत पोरीचा चेहरा पडद्यावर आलाही. डोक्याला टोपी, नाक लाल. धाकटीने सगळं सांगितलं, वर मीठमसाला लावून. मग फोन गोधडीवर फिरवला.

पोरगी आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "मोठी आई, उसवू नकोस. ते पांढरं तसंच राहू दे."

"वेडी का काय? एवढं मोठं नाव?"

"तेच पाहिजे. इथे धुण्याची खोली सगळ्यांची एक. माझी दोन पांघरुणं गेली, तिसरं एकीच्या अंगावर दिसलं तर म्हणते माझंच. यावर माझं नाव, पत्ता, खोलीचा नंबर. बघू कोण ढापतंय."

थोरलीने उसवलेली कड बोटाने सारखी केली. मग घसा खाकरून, फार काही विचारत नसल्यासारखी म्हणाली, "म्हणजे धुणार तू ही?"

"मग? पांघरल्यावर मळणार नाही का?"

"भिंतीला लावणार होतीस ना?"

"ते आपलं उगाच गं, फोटो बघून सुचलं. इथे भिंतीला काय करू, माझे पाय रात्रभर गार पडतात. लवकर पाठव."

थोरलीने गोधडीची घडी घातली. तोवर धाकटी कोपऱ्यावरच्या दुकानातून खोकं घेऊन आली. तिने ते निमूट पुढे सरकवलं, आणि थोरलीने निमूट त्यात गोधडी बसवली. जोड्यांबद्दल दोघींपैकी कुणी अवाक्षर काढलं नाही. चिकटपट्टी मात्र थोरलीने स्वतः लावली, उभी-आडवी, कचकचून.

"ऐकलंत ना?" ती काउंटरवाल्याला म्हणाली. "पाय गार पडतायत पोरीचे. मारा शिक्का."