आठ माणसांची नाव

मित्रांनो, मी एक जुनी नाव आहे. वैनगंगेच्या घाटावर वाळूत पालथी पडले आहे. तुम्ही माझ्यावर बसून शेंगा खाता, म्हणून मला गरीब समजू नका. माझ्या मनात राग आहे आणि तो मी जपून ठेवला आहे.

१९५८ साली महागू नावाड्याने मला सागाच्या फळ्यांतून घडवले. तो फटींत राळ भरी, तेव्हा त्याची बायको सीता भांडे धरून उभी असे. रविवारी बालाघाटची मंडळी सैर करायला येत. परवान्यावर लिहिले होते, माणसे आठ. महागूचा नियम त्याहून कडक होता. आधी नाव पूर्ण तरंगू द्यायची, मग पाण्यापासून माझ्या काठापर्यंत वीत लावायची. वीत भरली नाही तर तो म्हणे, "एक जन उतरा. साहेब असान तं घरी!" लोक हसत आणि उतरत.

सहा वर्षांनी घाटाचा ठेका प्रेमलालने घेतला. जत्रेच्या दिवशी त्याने महागूला बाजूला सारले, स्वतः वल्हे धरले आणि चौदा माणसे बसवली. पाणी उपसायला सीता होतीच.

"मालक, लय झाले," ती म्हणाली.

"काहून भेतं? वीतभर तं हाये!"

मूर्खाने वीत लावली तेव्हा माझे बूड वाळूवर टेकलेले होते! धारेत गेल्यावर काठ चार बोटे उरला. मी कलंडले. बाकीच्यांना लोकांनी ओढून काढले, सीता गेली. चौकशीत प्रेमलालने बेधडक सांगितले, नाव महागू चालवत होता. ठेकेदाराच्या भीतीने कुणी तोंड उघडले नाही. महागूचा परवाना गेला. बायकोला त्यानेच बुडवले, असे लोक म्हणू लागले.

त्या वर्षी मला कुणी राळ लावली नाही. पुढच्या जत्रेत प्रेमलाल पाहुण्यांना ऐट दाखवायला एकटाच मला घेऊन निघाला. ऐन धारेत मी फटी सोडल्या. खरे सांगते, मला आनंद झाला.

प्रेमलालला पोहता येत नव्हते. "महागू, वाचव रे बापा!"

महागू तरंगायचा वाळका भोपळा घेऊन कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला. "आधी सांग. त्या दिवशी वल्हं कोनाच्या हाती होतं?"

"माह्या! माह्याच हाती होतं!"

सगळ्या घाटाने ऐकले. मग महागू पोहत गेला आणि त्याला भोपळा धरायला लावून ओढत घेऊन आला.

महागूला परवाना परत मिळाला. माझे मात्र समाधान झाले नाही. सीता परत आली नाही.

मित्रांनो, नावेत बसण्याआधी माणसे मोजा. मोजणारा नसेल तर बसू नका. आणि कधी प्रेमलाल दिसला, तर त्याला मोजू नका. तसाच माझ्याकडे पाठवा.