मदतनिसांचा धडा

पाच वर्षांच्या पोरांना समाजशास्त्र शिकवायचं म्हटलं की लोक हसायचे. "नाक पुसता येत नाही आणि समाज शिकणार?" हे आमच्या बालवाडीच्या अध्यक्षांचं, अप्पासाहेबांचंच बोलणं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. साल १९५८. मी नुकतंच प्रशिक्षण संपवून शिवाजीनगरच्या मराठी मंडळींच्या बालवाडीत लागले होते, आणि माझ्या मते सबंध बंगळुरात माझ्याइतकी नव्या विचारांची बाई दुसरी नव्हती.

मी पुस्तक लावत नसे. ओसरीवर खडूनं रस्ता आखायचा आणि मुलांनी कुणी पोस्टमन, कुणी दूधवाला, कुणी डॉक्टर व्हायचं. धड्याचं नाव 'आपले मदतनीस'. शेवटी सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "सगळे आपले, सगळे सारखे." हे वाक्य मी स्वतः रचलेलं. केवढा अभिमान होता मला त्याचा!

गंगव्वा आमच्याकडे झाडलोट करायची. अंगण, संडास, सगळं तीच साफ करी. तिची साडेचार वर्षांची चंपा पायरीवर बसून धडे ऐकायची आणि आतल्या मुलांच्या आधी उत्तरं द्यायची. एक दिवस मी तिला हाताला धरून आत बसवलं. झालं! तिच्या जातीवरून गहजब उडाला. दोन घरांनी मुलं काढून नेण्याची धमकी दिली. गंगव्वा तर रडकुंडीला आली. "बेडा अक्का, नको. माझं काम जाईल."

"तू गप्प बस, मी आहे ना," मी म्हणाले आणि अप्पासाहेबांपुढे जाऊन उभी राहिले. "माझ्या वर्गात भेद चालत नाही. रोज अकरा वाजता गंगव्वाला मी माझ्या हातानं पाणी देते. विचारा तिला!"

"शुक्रवारी तुमचा तास बघतो," ते म्हणाले. "मग ठरवू, पोरगी आत की बाहेर."

शुक्रवारी ते खुर्चीत बसले, दोन गुडघ्यांमध्ये काठी धरून. मला जरा मिरवायचंच होतं. मी म्हणाले, "आज रस्ता नको. आज आपण आपलीच शाळा खेळू."

वर्गातली अनुसूया 'बाई' झाली. पोरगी मुलखाची बोलकी. खुंटीवरचा पंचा तिनं पदरासारखा खोचला आणि हुबेहूब माझ्या आवाजात ओरडली, "कोण बोलतंय रे मागं?" अप्पासाहेबसुद्धा खुदकन हसले. मी चंपाला विचारलं, "तू कोण होणार गं?"

"मी अव्वा," ती म्हणाली आणि आईचा झाडू घेऊन झाडायला लागली.

थोड्या वेळानं अनुसूया म्हणाली, "अकरा वाजले. गंगव्वा, पाणी पी." तिनं माठातून खराच तांब्या भरून घेतला. चंपानं झाडू ठेवला, उंबरा ओलांडला, एक पायरी खाली उतरली, वाकली आणि तोंडाशी ओंजळ धरली. अनुसूया उंबऱ्याच्या आत उभी राहिली. टाचा उंच करून तिनं एका हातानं तांब्या पोचेल तेवढा वर नेला. दुसऱ्या हातानं शिंतोडे लागू नयेत म्हणून परकर गोळा करून मागे धरला. आणि वरून धार सोडली. चंपाच्या कोपरांवरून पाणी ओघळत होतं. कुणी हसलं नाही, कुणाला काही खटकलं नाही. पाणी पिऊन झाल्यावर सगळी मुलं एका सुरात म्हणाली, "सगळे आपले, सगळे सारखे."

परकर गोळा करणारा तो डावा हात माझा होता. रोज अकरा वाजता निऱ्या आवरून धरणारा. मी हे कधी ठरवून केलं नव्हतं. आई करायची, आजी करायची, माझाही हात तसाच निऱ्यांकडे जायचा, आणि मला ते एकदाही दिसलं नव्हतं. बावीस मुलांना मात्र रोज दिसत होतं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

अप्पासाहेब खुशीत उठले. "शाब्बास बाई! मी उगाच घाबरत होतो. पोरीला आपली जागा बरोबर ठाऊक आहे. बसू द्या आत. त्या दोन घरांना मी समजावतो."

मला हवं होतं तेच मिळालं होतं. एरवी ताडताड बोलणारी मी नुसती मान डोलावत राहिले. बोलले असते तर चंपा बाहेर गेली असती. निदान मी स्वतःला तरी तसं सांगितलं.

ते गेल्यावर मी फुलपात्र भरलं, पायऱ्या उतरून अंगणात गेले आणि गंगव्वापुढे धरलं. "घे. तोंड लावून पी."

ती दोन पावलं मागे सरली आणि तिनं सवयीनं ओंजळ पुढे केली. "असंच सरी, असंच बरोबर आहे, अक्का. असंच द्या."

"नाही, हातात घे," मी म्हणाले. माझा आवाज चिरकला. मी फुलपात्र तिच्या हातात कोंबायला गेले, तर पाणी माझ्याच पायांवर सांडलं.

चंपानं माझा पदर ओढला. एखाद्या मुलाचं चुकलं की मी जशी न रागावता समजावते, अगदी तशीच ती मला म्हणाली, "अक्का, चुकलं तुमचं. वरून ओतायचं असतं. थांबा, अनुसूयाला बोलावते. तिला येतं."