नऊ नंबरच्या खोलीतले पेशंट

ऑपरेशन झालेल्या पेशंटांचा वॉर्ड मोठ्या सिस्टर अठरा वर्षं सांभाळत होत्या, आणि त्यात नऊ नंबरच्या खोलीने त्यांना अगदी वैताग आणला होता. खोली कॉरिडॉरच्या टोकाला. तिचं बाथरूम दोन वर्षं बंद, त्यामुळे तिथल्या पेशंटला टाके सांभाळत, भिंत धरत दुसऱ्या टोकाला जावं लागे. नातेवाईक येऊन सिस्टरांवर तोंडसुख घेत. पण गंमत अशी, की कुरकुर करणारे हेच पेशंट इतरांच्या आधी घरी जायचे.

रविवारी जेवताना त्यांनी हे नणंदेला सांगितलं. नणंद कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची. घरात तिला सगळे शंकासूर म्हणत.

"चालावं लागतं ना, म्हणून लवकर बरे होत असतील," सिस्टर म्हणाल्या.

"असेल. पण वहिनी, तिथे कुणाला ठेवायचं हे ठरवतं कोण?"

"मीच. जरा धडधाकट दिसेल त्याला पाठवते. म्हाताऱ्याकोताऱ्यांना कशाला पायपीट?"

"मग झालं! धडधाकट माणूस कुठेही ठेवलास तरी आधीच घरी जाणार. खोलीचं त्यात काय कौतुक?"

सिस्टर हिरमुसल्या. नणंद मात्र घास हातात धरून तशीच बसली. "तू नसतेस तेव्हा कोण ठरवतं?"

गेल्या वर्षी पाय मोडून सिस्टर चार महिने घरी होत्या. बदली बाई नवीन. जी खाट रिकामी होईल ती पुढच्या पेशंटला द्यायची, चेहरासुद्धा न बघता.

"म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखंच की!" नणंद जवळजवळ ओरडलीच. "तेवढेच चार महिने बघू."

सर्जनसाहेबांची परवानगी मिळाली, नावं झाकून रजिस्टर आलं. कोण किती दिवस राहिलं ते नणंद आधी बघेचना. पेशंटांची वयं, ऑपरेशनं, जुने आजार सगळ्या खोल्यांत सारखेच आहेत ना, याची तिने खात्री केली. शेवटी ती म्हणाली, "नऊ नंबरवाले जवळजवळ एक दिवस आधी घरी गेलेत. आणि घाईत सोडलं म्हणून परत आलेत, असंही नाही."

सिस्टरांचे डोळे भरून आले. "म्हणजे ज्यांना मी जपलं, त्यांनाच अडवून ठेवलं की गं."

"असं नको म्हणूस. शंभर रजिस्टरं चाळूनही नऊ नंबर मला दिसला नसता. तुला दिसला."

हे कळल्यावर सर्जनसाहेब हसत सिस्टरांना म्हणाले, "मग काय, सगळीच बाथरूमं बंद करू?"

"नको साहेब. ते एक दुरुस्त करा. फक्त सकाळ-संध्याकाळचा चहा मी खाटेवर देणार नाही."

चहाचं टेबल कॉरिडॉरच्या टोकाला गेलं. ज्यांना चालायची परवानगी, त्यांनी नर्सचा हात धरून तिथे यायचं. आठवडाभर बोंबाबोंब झाली. मग टेबलाभोवती गप्पा रंगायला लागल्या आणि खाटा खरंच लवकर रिकाम्या व्हायला लागल्या. नणंद म्हणे, "अजून थोडे महिने बघू या." सिस्टर थांबायला तयार होत्या, पण कौतुक काही थांबेना. वॉर्डात कुणी नवीन नर्स आली, की त्या तिची नणंदेशी ओळख करून द्यायच्या: "या आमच्या नणंदबाई. औषधातलं ओ की ठो कळत नाही, पण काय विचारायचं ते बरोब्बर कळतं."