बाबांचा वाटाड्या

"शेजारच्या गावात जाताना रस्ता चुकता आणि नेव्हिगेशन कसलं घेताय? लायसन्स परत करा!" मात्सुमोतो शहरातल्या गाडीच्या सामानाच्या दुकानात मी सगळ्यांदेखत बाबांना सुनावलं.

"तू गप्प बस, चिहारु. तुझ्याच घरी यायला घेतोय," बाबा खेकसले.

विक्रेता घाईघाईने मध्ये पडला. "आजोबा, पत्ता नको. त्यांच्या घरचा फोन नंबर टाका, हे रस्ता दाखवेल."

बाबांनी माझ्या घरचा नंबर न अडखळता टाकला आणि माझ्याकडे तोऱ्यात पाहिलं. पडद्यावर उमटलं, 'नंबर सापडला नाही.'

"भिकार यंत्र! दुसरं दाखवा," बाबांनी काउंटरवर हात आपटला.

"यंत्राला कशाला शिव्या देता?" मी म्हणाले. "आई गेली त्याच वर्षी आम्ही तो फोन काढून टाकला. तुम्ही एकदा तरी लावला असतात, तर कळलं असतं."